तेलाचे गाव

रोम शहराच्या दक्षिण भागात, तिबर नदीच्या काठापासून थोड्याच अंतरावर एक टेकडी उभी आहे. तिची उंची सुमारे 35 मीटर असून घेर एक किलोमीटरच्या आसपास भरतो. तिच्यावर गवत माजले आहे, झुडपे वाढली आहेत आणि दुरून पाहणाऱ्यास ती रोमच्या सात टेकड्यांचीच धाकटी बहीण वाटते. परंतु ही टेकडी निसर्गाने घडविलेली नाही. ती मातीच्या फुटक्या रांजणांची रास आहे. मोन्ते तेस्ताच्चो, म्हणजे खापरांचा डोंगर, हे तिचे नाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत समुद्रमार्गे रोमला जे ऑलिव्हचे तेल येत असे, त्याचे रांजण रिकामे झाल्यावर येथे फोडून रचले जात. तेल मुरलेल्या रांजणाचा पुन्हा उपयोग होत नसे, म्हणून त्याचे तुकडे करून त्यांवर चुना पसरावयाचा, असा शिरस्ता होता.

1872 पासून हाइनरिख ड्रेसेल या जर्मन पंडिताने या खापरांचा अभ्यास आरंभिला. खापरे पुसून पाहता त्यांवर शाईची अक्षरे दिसू लागली. रिकाम्या रांजणाचे वजन, आतील तेलाचे वजन, व्यापाऱ्याचे नाव, तपासणी करणाऱ्यांची नोंद, तपासणीचे ठिकाण आणि त्या वर्षीच्या कॉन्सलांची नावे असा सारा तपशील एकेका रांजणावर लिहिलेला होता. रांजणाच्या कानावर भट्टीचा ठसा असे तो वेगळाच. रिकामा रांजण 30 किलोंचा, आणि त्यात 70 लिटरांच्या आसपास तेल मावे. बहुतेक माल आजच्या स्पेनमधील बेतिका प्रांतातला होता, काही आफ्रिकेतला. तात्पर्य, अठराशे वर्षांपूर्वी तेलाच्या प्रत्येक रांजणाबरोबर त्याची जन्मपत्रिका प्रवास करीत होती. तेल कोठले, कोणाचे आणि किती, या तीन प्रश्नांची उत्तरे रांजणाच्या अंगावरच मिळत.

मालाबरोबर त्याच्या गावाचे नाव चालत आले की त्या नावाला किंमत येते. इसवी सन 79 मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात मृत्यू पावलेल्या थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गविषयक बृहद्ग्रंथात तेलांची प्रतवारी दिली आहे. तेलाच्या बाबतीत पहिला मान इटलीचा आणि इटलीतही व्हेनाफ्रो गावाच्या परिसराचा, असे तो सांगतो. दुसऱ्या क्रमांकासाठी इस्त्रिया आणि बेतिका हे प्रांत एकमेकांशी झगडतात, हेही तो नमूद करतो. त्याच काळाच्या मागेपुढे युव्हेनल या उपरोधकाराने एका श्रीमंत यजमानाचे चित्र रंगविले. हा यजमान स्वतःच्या माशावर व्हेनाफ्रोचे तेल ओतून घेतो, आणि त्याच पंगतीत बसलेल्या गरीब पाहुण्याच्या पानावर मात्र दिव्याच्या तेलाचा वास येणारा परदेशी माल वाढला जातो. गावाच्या नावावरून पंगतीतला मान ठरत होता. जेथे नावाला एवढे मोल असते, तेथे त्या नावाची चोरी करण्याचा मोहही फार दूर नसतो.

हे नाव केवळ अभिमानाचे होते काय? तसे नव्हे. ऑलिव्ह हे फळ असल्यामुळे त्याचे तेल हा वस्तुतः फळाचा रस आहे. आपल्याकडे तीळ, करडई किंवा शेंगदाणा वाळवून साठविता येतो आणि सवडीने घाण्यात घालता येतो. ऑलिव्हला अशी सवड नसते. फळ तोडून काही दिवस पडून राहिले की ते आंबते, आणि त्याचा आंबूसपणा तेलात उतरतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीवर ग्रंथ लिहिणाऱ्या केटोने म्हणूनच फळे साठवून न ठेवता शक्य तितक्या लवकर गाळावीत, असा इशारा दिला होता. तयार झालेले तेलही मद्याप्रमाणे मुरून सुधारत नाही. ते जितके जुने होते तितके उतरत जाते, हे प्लिनीलाही ठाऊक होते. अर्थात मळा, घाणा आणि साठवण ही तिन्ही एकमेकांच्या जवळ असणे हा चांगल्या तेलाचा पहिला नियम ठरतो. तेलाचे गाव त्याच्या चवीशी बांधले जाते ते येथे.

याशिवाय जात, माती आणि हवा यांचा भाग आहेच. उत्तरेस लिगुरियाच्या किनाऱ्यावर, डोंगरउतारावर बांधलेल्या दगडी ताल्यांवर, ताज्जास्का नावाची लहान फळाची जात वाढते. तिचे तेल सौम्य आणि गोडसर असते. तस्कनीच्या टेकड्यांवर फ्रांतोयो, लेच्चिनो, मोरायोलो व पेंदोलिनो या जाती एकत्र लावतात. तेथे थंडी लवकर येते, म्हणून फळ पुरते काळे होण्याची वाट न पाहता ऑक्टोबर-नोव्हेंबरातच ते उतरवून घेतात. अशा हिरवट फळाचे तेल हिरवेगार, किंचित कडू आणि घशाला झोंबणारे होते. दक्षिणेच्या पुल्या प्रांतात मैदाने मोठी, झाडे प्रचंड आणि पीक विपुल. तस्कनीच्या उतारावर झाडाला शिडी लावून फळ उतरवावे लागते, आणि शंभर किलो फळांतून साधारणपणे 15 किलोंच्या आसपास तेल हाती येते. या मेहनतीची भरपाई व्हावयाची ती केवळ नावाला मिळणाऱ्या चढ्या भावातून. नाव चोरले गेले तर या शेतकऱ्याजवळ दुसरे काहीच उरत नाही. मैदानातल्या स्वस्त तेलाशी किमतीची स्पर्धा करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

नावाला कुंपण घालण्याची कल्पना याच तस्कनीत फार पूर्वी रुजली, परंतु ती तेलासाठी नव्हे, मद्यासाठी. 24 सप्टेंबर 1716 रोजी मेदिची घराण्यातील ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने एक फर्मान काढून क्यांती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि वरचे आर्नो खोरे या चार प्रदेशांच्या सीमा निश्चित केल्या. या सीमांच्या आत पिकलेल्या द्राक्षांच्या मद्यासच ती नावे लावावीत, असा त्या फर्मानाचा आशय होता. परदेशी जाणाऱ्या मालाची प्रतिष्ठा राखणे हा त्यामागील हेतू. पुढे काय झाले तेही लक्षात घेण्याजोगे आहे. क्यांती हे नाव लोकप्रिय झाले, तसे शेजारच्या गावांनीही ते उचलले. अखेर 1932 मध्ये सरकारनेच सीमा विस्तारल्या आणि जुन्या मूळ प्रदेशास वेगळे ओळखता यावे म्हणून त्याच्यामागे 'क्लासिको' असे विशेषण जोडावे लागले. घर ज्याचे, त्यालाच आपण मूळचे असल्याचे सांगण्याची पाळी आली. कुंपण एकदा घालून भागत नाही, त्याची राखणही करावी लागते, हा धडा तेलवाल्यांना पुढे उपयोगी पडला.

तेलाच्या इतिहासात क्यांतीची ही कथा लुक्का शहराच्या वाट्याला आली. तस्कनीच्या वायव्येस तटबंदीने वेढलेले हे टुमदार शहर 1799 पर्यंत स्वतंत्र प्रजासत्ताक होते. पुढे ती एक छोटी डची झाली, आणि 1847 मध्ये तस्कनीत विलीन झाली. सभोवारच्या टेकड्यांवरील तेल इतके नामांकित की 'लुक्का तेल' हा शब्दच उत्तम तेलाचा पर्याय होऊन बसला. शहराला स्वतःचे बंदर नव्हते, म्हणून माल लिव्होर्नोच्या बंदरातून इंग्लंड व अमेरिकेस जाई. लुक्काचे व्यापारी धोरणी होते. 1865 मध्ये फ्रांचेस्को बेर्तोल्ली याने याच शहरात आपला व्यवसाय थाटला, आणि त्याच सुमारास तेथे इतरही तेलपेढ्या उभ्या राहिल्या. 1880 नंतर लक्षावधी इटालियन कुटुंबे पोटासाठी अमेरिकेस गेली. त्यांच्या नव्या स्वयंपाकघरांत मायदेशाची चव पोहोचविण्याचे काम या पेढ्यांच्या डब्यांनी केले.

लुक्काच्या टेकड्या होत्या तेवढ्याच राहिल्या, मागणी मात्र सागराएवढी झाली. तेव्हा व्यापाऱ्यांनी अन्य प्रांतांतून, आणि पुढे अन्य देशांतूनही तेल आणून ते एकमेकांत मिसळावे व लुक्काच्या नावाने पाठवावे, हे ओघानेच आले. या व्यापाऱ्यांना सरसकट लबाड ठरविणे न्याय्य होणार नाही. निरनिराळ्या तेलांचे मिश्रण करून दर वर्षी तीच चव साधणे हे एक स्वतंत्र कौशल्य आहे, आणि लुक्काच्या जाणत्यांची जीभ त्यासाठी विख्यात होती. त्यांच्या लेखी लुक्काचे तेल म्हणजे लुक्काच्या पेढीने पारखून दिलेले तेल. टेकडीवरच्या शेतकऱ्याच्या लेखी मात्र लुक्काचे तेल म्हणजे लुक्काच्या झाडाचे तेल. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ. एक पेढीच्या दुकानात राहतो, दुसरा मळ्यात. पुढील शंभर वर्षांचा सारा वाद या दोन अर्थांमधला आहे.

त्यातच उघड भेसळीची भर पडली. अमेरिकेत कापसाच्या सरकीपासून तेल काढण्याचा उद्योग यादवी युद्धानंतर झपाट्याने वाढला. हे स्वस्त तेल जहाजे भरभरून युरोपच्या बंदरांत येऊ लागले, आणि त्यातले पुष्कळसे ऑलिव्हच्या तेलात मिसळून पुन्हा अमेरिकेसच परत जाई. अमेरिकेतला शेतकरी कपाशी पिकवी, तिच्या सरकीचे तेल अटलांटिक ओलांडून जाई आणि इटालियन नाव धारण करून दामदुपटीने त्याच्याच गावच्या वाण्याकडे येई. 1880 च्या दशकात इटलीने सरकीच्या तेलावर जबर कर बसविला. अमेरिकेत 1906 मध्ये शुद्ध अन्न व औषधी कायदा झाला आणि त्याखाली अशा तेलाचे अनेक खटले उभे राहिले. डब्यावर इटालियन भाषेतला मजकूर, ऑलिव्हची फांदी, लुक्काचे नाव. आणि आत अमेरिकेतच भरलेले सरकीचे तेल! चित्र आणि अक्षर यांनीही खोटे बोलता येते, हे तत्त्व त्या खटल्यांनी मान्य केले.

तथापि एका देशाच्या न्यायालयाने दिलेला निर्णय दुसऱ्या देशाच्या बंदरात चालत नाही. म्हणून राष्ट्राराष्ट्रांत करार होऊ लागले. 1883 च्या पॅरिस करारात व्यापारी चिन्हांचा विचार झाला. 1891 च्या माद्रिद करारात खोट्या मूळस्थानाचा निषेध केला गेला. 1958 मध्ये लिस्बन येथे त्यापुढचे पाऊल पडले. एखाद्या मालाचे गुण जर मुख्यतः तेथील भूमीमुळे आणि माणसांच्या परंपरेमुळे आलेले असतील, तर त्या भूमीचे नाव ही तेथील सर्व उत्पादकांची सामायिक मिळकत होय, ही कल्पना या कराराने स्वच्छ शब्दांत मांडली. पेढीचे चिन्ह विकता येते, गहाण ठेवता येते, एका देशातून दुसऱ्या देशात नेता येते. गावाचे नाव असे उचलून नेता येत नाही. बेर्तोल्लीचे चिन्ह 1994 मध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीने घेतले आणि 2008 मध्ये ते एका स्पॅनिश उद्योगसमूहाकडे गेले. कायद्याने यात काहीच वावगे नाही. परंतु लुक्काच्या टेकड्या आहेत तेथेच आहेत.

इटलीच्या संसदेने तेलाकडे प्रथम लक्ष दिले ते शुद्धतेच्या बाजूने. 13 नोव्हेंबर 1960 च्या कायद्याने तेलाच्या प्रती ठरविल्या. केवळ यांत्रिक दाबाने काढलेले, रसायनांचा स्पर्श न झालेले आणि ज्यात मुक्त आम्लाचे प्रमाण शेकडा 1 हून अधिक नाही, अशा तेलास 'एक्स्ट्रा व्हर्जिन' ही सर्वोच्च पदवी मिळाली. आज युरोपात ही मर्यादा शेकडा 0.8 आहे. कायदा मोलाचा खरा, पण त्याने तेल कसे आहे हे सांगितले, कोठले आहे हे सांगितले नाही. 1963 मध्ये मद्याच्या मूळस्थानासाठी स्वतंत्र नियम झाले. तेलाला मात्र आणखी जवळजवळ तीस वर्षे तिष्ठावे लागले.

या तीस वर्षांत तस्कनीची टेकडी बदलून गेली. शतकानुशतके तेथील शेती अर्धेलीने चाले. जमीन मालकाची, श्रम कुळाचे आणि पीक निम्मे-निम्मे. 1964 च्या कायद्याने नवे अर्धेलीचे करार बंद केले. पण त्याआधीपासूनच कुळांची तरुण मुले फ्लॉरेन्स, प्रातो आणि उत्तरेकडील कारखान्यांची वाट धरू लागली होती. गावे ओस पडली, बांध ढासळले आणि मळ्यांत झुडपे माजली. अशातच जानेवारी 1985 मध्ये हिमलाट आली. फ्लॉरेन्सच्या विमानतळावर पारा शून्याखाली 23 अंशांपर्यंत उतरला. खोडांच्या साली तडकल्या, आणि पिढ्यान् पिढ्या उभी असलेली झाडे लाखांच्या संख्येने जमिनीपर्यंत करपली. वसंत आला तेव्हा तस्कनीच्या टेकड्यांवर हिरव्याऐवजी करडा रंग पसरला होता.

ऑलिव्हचे झाड चिवट असते. वरचा भाग मेला तरी मुळाशी जीव शिल्लक राहतो. शेतकऱ्यांनी जळालेली खोडे जमिनीलगत कापली आणि बुंध्यापासून फुटलेल्या धुमाऱ्यांतले दोन-तीन जोमदार राखून त्यांचीच नवी झाडे केली. आज तस्कनीत एकाच बुंध्यातून तीन-तीन खोडे वर गेलेली झाडे दिसतात, ती त्या हिवाळ्याची खूण. परंतु अशा झाडास पुन्हा भरपूर फळ धरण्यास काही वर्षे जावी लागतात. त्या वर्षांत टेकडीवरच्या शेतकऱ्यापुढे एकच प्रश्न होता. ही झाडे पुन्हा वाढवावीत काय? बाजारात तस्कनीच्या नावाचे तेल मिळतच होते, कारण टेकड्यांची चित्रे छापलेल्या बाटल्यांत इतर प्रांतांचे आणि इतर देशांचे तेल भरण्यास कोणाचीच आडकाठी नव्हती. झाड मेले तरी त्याचे नाव विकले जाऊ शकते, हे पाहणाऱ्या शेतकऱ्याने झाड कशासाठी जगवावे? नावाच्या रक्षणाचा प्रश्न त्या हिवाळ्यानंतर खेड्याच्या जगण्याचा प्रश्न झाला.

1992 मध्ये दोन कायदे झाले. फेब्रुवारीत इटलीने तेलाच्या मूळस्थानाचा स्वतःचा कायदा केला, आणि 14 जुलै रोजी युरोपीय समुदायाने सर्व सदस्य देशांसाठी नियम जारी केला. त्यात दोन पायऱ्या होत्या. पहिली 'संरक्षित मूळस्थान-नाम', इटालियन संक्षेपाने डीओपी. यात पिकापासून मालाच्या सिद्धतेपर्यंत सर्व क्रिया त्याच प्रदेशात व्हाव्या लागतात. दुसरी 'संरक्षित भौगोलिक मानांकन', संक्षेपाने आयजीपी. यात एखादी तरी मुख्य क्रिया तेथे झाली म्हणजे पुरते. 1996 मध्ये साबिना, ब्रिझिगेल्ला, कानिनो इत्यादी तेलांची पहिली नोंद झाली, आणि 1997 मध्ये लिगुरियाच्या किनाऱ्याला मान्यता मिळाली. तस्कनीसारख्या विस्तीर्ण प्रदेशाला दुसऱ्या पायरीचे मानांकन मार्च 1998 मध्ये मिळाले. परंतु तस्कनीच्या उत्पादकांनी या सवलतीचा फायदा घेतला नाही. फळ तस्कनीचे, गाळणी तस्कनीत आणि बाटली भरणेही तस्कनीतच, असा कडक नियम त्यांनी आपल्या नियमावलीत स्वतःहून घालून घेतला. लिव्होर्नोच्या बंदरात काय काय घडले होते, याची स्मृती त्यामागे होती असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. 2000 मध्ये क्यांती क्लासिकोच्या तेलाला पहिल्या पायरीचे नाव मिळाले, आणि 2004 मध्ये खुद्द लुक्काला. दीड शतकानंतर शब्दाचे दोन अर्थ वेगळे झाले, आणि कायद्याने झाडाच्या बाजूने कौल दिला.

बाटली कोठे भरावी यावर तंटे झाले. तेल शुद्ध असेल तर ते दुसऱ्या गावी भरल्याने काय बिघडते, असा मुक्त व्यापाराच्या कैवाऱ्यांचा सवाल होता. हा सवाल आधी मद्याच्या बाबतीत युरोपीय न्यायालयापुढे आला. मे 2000 मध्ये स्पेनच्या रिओहा मद्यासंबंधी निकाल देताना न्यायालयाने सांगितले, की मालाची गुणवत्ता आणि लौकिक राखण्यासाठी तो मूळ प्रदेशातच भरण्याची अट घालता येते. राखणदार शेजारी असला की चोरी पकडणे सोपे जाते, हे गावच्या पाटलालाही कळणारे तत्त्व या निकालाने मान्य केले.

ज्या तेलांना अशी नावे नाहीत, त्यांचे काय? इटली स्वतः पिकविते त्यापेक्षा अधिक तेल खाते आणि निर्यात करते. उरलेली तूट स्पेन, ग्रीस, ट्युनिशिया येथील तेलाने भरून काढली जाते. अशा तेलास 'इटालियन' म्हणावे काय? 1998 च्या ऑगस्टमध्ये इटलीने कायदा करून उत्तर दिले, की फळ, गाळणी आणि भरणी ही सारी इटलीत झाली असेल तरच म्हणावे. युरोपीय आयोगास हे मान्य झाले नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आलेल्या युरोपीय नियमाने घाणा जेथे, तेथले तेल, असे सूत्र धरले. त्यामुळे झाडाचे गाव पुन्हा मागे पडण्याची भीती होती. वाद दहा वर्षे धुमसत राहिला. अखेर 1 जुलै 2009 पासून एक्स्ट्रा व्हर्जिन व व्हर्जिन तेलाच्या बाटलीवर फळ कोठे तोडले आणि तेल कोठे गाळले, हे लिहिणे संपूर्ण युरोपीय संघात सक्तीचे झाले. मिश्रण असेल तर तसे स्पष्ट म्हणावे लागते. 2013 च्या इटालियन कायद्याने ही अक्षरे सहज वाचता येतील अशी असावीत, असाही दंडक घातला. चित्र मोठे आणि सत्य बारीक, ही जुनी युक्ती त्यामुळे अवघड झाली.

नियमांची अंमलबजावणी कशी होते, हे पाहणेही उद्बोधक आहे. नामांकित तेलाच्या मळ्यांची नोंद वहीत असते. फळ घाण्यावर आले की त्याचे वजन लिहिले जाते, आणि मळ्यातून निघू शकेल त्याहून अधिक तेल कोणाच्या नावावर जमा होऊ लागले तर हिशेबच त्याला पकडतो. प्रयोगशाळेत आम्लता व इतर गुण तपासतात. त्यानंतर जाणत्या चाखणाऱ्यांचे मंडळ बसते. तेलाच्या रंगाने दृष्टी फसू नये म्हणून निळ्या काचेच्या झाकलेल्या पेल्यात, किंचित कोमट करून, ते त्यांच्यापुढे ठेवतात. आठ ते बारा जण एकमेकांशी न बोलता आपापला निर्णय लिहितात. या सर्वांतून पार पडल्यावर बाटलीस मान्यतेची खूण लागते. रांजणावर वजन, नाव आणि तपासणी लिहिणाऱ्या रोमन कारकुनाला ही रीत पाहून विशेष नवल वाटले नसते.

तरीही या कुंपणाच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. नामांकित तेल हा इटलीच्या एकूण उत्पादनाचा लहानसाच भाग आहे. नोंदणी, तपासणी आणि शिक्के यांचा खर्च छोट्या शेतकऱ्यास जड जातो, आणि पुष्कळ जण त्यापायी नावाबाहेरच राहतात. नाव हे शुद्धतेची हमी देते, पण हवामानाची देत नाही. 2013 पासून दक्षिणेच्या पुल्या प्रांतात झायलेल्ला नावाच्या जिवाणूने लक्षावधी झाडे वाळवून टाकली, त्यात शेकडो वर्षांची झाडेही गेली. रोगापुढे शिक्का दुबळा ठरतो. मात्र झाड गेल्यावर ते पुन्हा लावावे की नाही, हा 1985 चा प्रश्न जेव्हा उभा राहतो, तेव्हा नावाला मिळणारा भाव हे लावण्याच्या बाजूचे एक सबळ कारण असते.

हा प्रश्न आता आपल्या दाराशीही आला आहे. 15 एप्रिल 1994 रोजी माराकेश येथे झालेल्या जागतिक व्यापार कराराने भौगोलिक नावांच्या रक्षणाचे बंधन सर्व सदस्य देशांवर घातले. त्यानुसार भारताने 1999 मध्ये कायदा केला आणि तो सप्टेंबर 2003 मध्ये अमलात आला. त्याच कायद्याखाली 2009 मध्ये गोव्याच्या काजू फेणीला मानांकन मिळाले, आणि 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला. त्या चपलेच्या नोंदणीत एक गोष्ट विशेष आहे. तीत कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर यांच्याबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही आहेत. राज्यांच्या सीमेवर वाद असला तरी कातडे कमावणाऱ्या आणि वादी वळणाऱ्या हातांची परंपरा सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच आहे, याची ही कायदेशीर कबुली होय. जून 2025 मध्ये मिलान शहरातील एका विख्यात वेषभूषागृहाने कोल्हापुरीसारख्या चपला आपल्या प्रदर्शनात मांडल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. चहूकडून आक्षेप आल्यावर त्या गृहाने मूळ भारतीय परंपरेची कबुली दिली. जो देश आपल्या तेलाच्या नावासाठी ब्रुसेल्सपर्यंत झगडला, त्याच देशातल्या एका दुकानात दुसऱ्याच्या गावाचे नाव विसरले जावे, यातला विरोधाभास बोलका आहे. नाव आपले असते तेव्हा ते संपत्ती वाटते, दुसऱ्याचे असते तेव्हा नुसती नक्षी वाटते. हा दोष एखाद्याच राष्ट्राचा नव्हे.

मोन्ते तेस्ताच्चोच्या पोटात अजूनही खापरे सापडतात आणि स्पॅनिश व इटालियन संशोधक त्यांवरची अक्षरे लावीत बसतात. त्या रांजणांतले तेल केव्हाच संपले. ते ज्यांनी खाल्ले, ज्यांनी दिव्यात जाळले आणि ज्यांनी त्यावर पैसा केला, त्या साऱ्यांना काळाने पुसून टाकले. परंतु ते तेल बेतिकेतल्या कोणत्या नदीकाठी पिकले आणि कोणत्या वर्षी मोजले गेले, हे आजही वाचता येते, कारण कोणा कारकुनाने ते तेथे प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते. लुक्काच्या टेकडीवर नोव्हेंबरात शिडीवर चढून फळे उतरविणाऱ्या शेतकऱ्याची मागणी याहून फार मोठी नाही. त्याच्या झाडाचे तेल जेथवर जाईल, तेथवर त्याच्या गावाचे नाव त्याच्याबरोबर जावे, आणि दुसऱ्याच्या तेलावर ते बसू नये, एवढेच त्याचे म्हणणे आहे.